रंग न लावता पेशी पाहणं: फायबर लेझर, बोयचं खवलं आणि आपली दमट हवा

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

रत्नागिरीत पावसाने चार दिवस उसंत घेतली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बाजारात खाडीतली बोय मिळाली. साफ करताना चार खवलं बाजूला काढून मिठाच्या पाण्यात टाकली आणि दुपारी त्यातलं एक मायक्रोस्कोपखाली ठेवलं. ना फॉर्मेलिन, ना मेण, ना कुठला रंग. वरून १०३० नॅनोमीटरचा लेझर सोडला, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. खवल्यातून निघाला तो ५१५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा. स्क्रीनवर ओळीओळीने चित्र भरत गेलं. समांतर धागे, चटईच्या काड्यांसारखे दाट. फोकस थोडा खाली नेला की पुढचा थर, त्यातल्या धाग्यांची दिशा वेगळी. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे लावतात तसे माशाने कोलॅजनचे, म्हणजे धाग्यांच्या रूपातल्या प्रथिनाचे, थर लावलेले असतात. लेझरच्या ध्रुवीकरणाची दिशा (प्रकाशाची लहर ज्या दिशेने डोलते ती) फिरवली की एक थर मंदावतो आणि दुसरा उजळतो. मी अर्धा तास नुसती ती दिशा बदलणारी चकती फिरवत बसलो होतो.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. बहुतेक पेशी पारदर्शक असतात, म्हणून रंग लावतात. त्यासाठी नमुना फॉर्मेलिनमध्ये घालायचा, मेणात बसवायचा, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे आणि मग रंगवायचे. यात जीव जातोच, शिवाय आकार आक्रसतो आणि चरबी विद्रावकात धुऊन जाते. रंग न लावता पाहायच्या, म्हणजे लेबल-फ्री पद्धतीत रेणू आपली ओळख आपणच देतात. कोलॅजन आणि स्नायूतलं मायोसिन अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश परत देतात. चरबीच्या थेंबाच्या कडेला एक तृतीयांश तरंगलांबीचा प्रकाश उमटतो. काही रेणू स्वतःच चमकतात. रामन पद्धतीत तर प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून रासायनिक बंधांची कंपनं वाचता येतात.

हे घडायला प्रकाश अतिशय दाटीने पडावा लागतो. उदाहरणाला असे आकडे घ्या: सरासरी १०० मिलिवॅट, सेकंदाला ८ कोटी पल्स, म्हणजे प्रकाशाचे झटके, प्रत्येक पल्स १०० फेमटोसेकंदांची (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन पुढे सरकतो. हिशेब केला तर लेझर सेकंदभरात फक्त ८ मायक्रोसेकंद पेटलेला असतो, अख्ख्या दिवसात पाऊण सेकंदसुद्धा नाही. पण पेटतो त्या क्षणी त्याची ताकद १२.५ किलोवॅट असते. सरासरी कमी असल्यामुळे पेशी भाजत नाही आणि क्षणाची ताकद मोठी असल्यामुळे सिग्नल मिळतो.

अशा पल्स काढायला अनेक वर्षं टायटेनियम-सफायर लेझरशिवाय चांगला पर्याय नव्हता. मी घाटावरच्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं तो सांभाळला. कोटीच्या घरातलं यंत्र, खाली हवेवर तरंगणारं जड टेबल, शेजारी थंड पाणी फिरवणारा चिलर, खोलीचं तापमान बांधलेलं. वीज गेली की लेझर बंद. परत आली की दोन तास आरशांचे स्क्रू केसभर फिरवत बसायचं. एका पावसाळ्यात एसी बिघडला, चिलरच्या नळीवर दव धरलं आणि थेंब थेट आरशावर पडला. त्या आरशाची वाट बघण्यात एका विद्यार्थिनीचे चार महिने गेले. ती रडली होती. मला ते अजून लागतं.

फायबर लेझरमध्ये जुळवत बसायचे आरसे जवळजवळ नसतातच. इटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेली काचेची तार (फायबर) असते, ९७६ नॅनोमीटरचा डायोड तिला ऊर्जा देतो, आणि तारांचे तुकडे वितळवून एकमेकांना जोडलेले असतात. प्रकाश आठ-दहा मायक्रॉनच्या गाभ्यात कोंडलेला. बाष्प आणि धूळ वाटेत यायला जागाच नाही. शेवटी पल्स पुन्हा आखूड करणारी जाळी असते, तीही बंद पेटीत. हे सगळं टेलिफोनवाल्यांच्या पुण्याईने स्वस्त झालं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या ज्या केबल येऊन लागतात, त्यांच्यात मंदावलेला प्रकाश पुन्हा वाढवतात तो अशाच तारेने, फक्त तिथे इटर्बियमऐवजी एर्बियम असतं.

एप्रिलमध्ये एका संस्थेने मला असा लेझर सहा महिने वापरायला दिला. जीपच्या मागच्या सीटवर गादीत गुंडाळून कुंभार्ली घाटातून खाली आणला. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खोलीत पेटी उघडली, साध्या सॉकेटला पिन लावली, बटण दाबलं. अर्ध्या तासात स्थिर पल्स. पंख्यावर गार होतो, चिलर नाही. जूनपासून खोलीत भिंतींना बुरशी आली, माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सलाही आली, लेझर मात्र रोज पहिल्या बटणाला सुरू होतो.

माझं म्हणणं एवढंच: कोकणातला नमुना मुंबई-पुण्याला जाईपर्यंत मेलेला किंवा बदललेला असतो. आता यंत्र इथे आणता येतं. तर इथे काय पाहायला हवं? जाणकारांनी आणि बागायतदारांनी, डॉक्टरांनी, मच्छीमारांनीही सांगावं.

सुरंगी | सोमवार, रात्री १०:१५

दादा, वाचून झोप उडाली. मी एमएस्सीला आहे, कालवांवर काम करते. एक कळलं नाही. इन्फ्रारेड आत जाऊन हिरवा बाहेर येतो म्हणजे ऊर्जा वाढली का? आणि ते कोलॅजनमध्येच का होतं, पाण्यात का नाही?

खाडीकाठ | सोमवार, रात्री १०:५०

ऊर्जा वाढत नाही गं. इन्फ्रारेडचे दोन फोटॉन एकत्र येऊन हिरव्याचा एक होतो. रापण ओढताना दोन्ही दोरांवरची माणसं एका लयीत ओढतात तेव्हाच जाळं किनाऱ्याला येतं. जो तो आपल्या सोयीने ओढू लागला तर दोर नुसता हलतो. कोलॅजनचे रेणू एकाच दिशेला तोंड करून रांगेत बसलेले असतात, म्हणून त्यांचे छोटे छोटे सिग्नल एकमेकांत मिळतात. पाण्याचे रेणू सगळ्या दिशांना तोंडं करून असतात, तिथे बेरीज शून्य होते. म्हणून पाण्याचा काळोख आणि धाग्यांचा उजेड, आणि मध्ये रंग लागत नाही.

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी ६९४ नॅनोमीटरचा माणिक लेझर क्वार्ट्झमधून सोडून ३४७ चा प्रकाश पहिल्यांदा पकडला. तो फोटोच्या पट्टीवर इतका बारीक ठिपका होता की छपाईत डाग समजून पुसला गेला असं सांगतात. छापलेल्या आकृतीत बाण आहे, पण तो जिथे रोखलाय तिथे ठिपका नाही.

प्रकाशवाट | मंगळवार, सकाळी ७:०५

उत्तम धागा. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो.

दोन फोटॉन एकदम शोषले जाऊ शकतात हे मारिया ग्योपर्ट-मायर यांनी प्रबंधात मांडलं, ते १९३१ मध्ये छापलं गेलं. तेव्हा लेझर नव्हता. मायक्रोस्कोपमध्ये ते उतरलं १९९० साली, कॉर्नेलमध्ये डेन्क, स्ट्रिकलर आणि वेब यांच्या हातून. सिग्नल तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो फक्त फोकसच्या बिंदूत निर्माण होतो. वरखालचे थर गप्प राहतात. सुरी न लावता काप मिळतो तो यामुळे, आणि माझ्या मते या तंत्राचं खरं सौंदर्य इथे आहे.

तारेवरून अजून एक. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी पल्स आधी ताणायची, मग वाढवायची, मग पुन्हा आखूड करायची ही युक्ती केली तेव्हा ताणण्यासाठी १.४ किलोमीटर फायबरच वापरली होती. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच. आजचे ताकदवान फायबर लेझर त्याच युक्तीवर चालतात, नाहीतर एवढी तीव्रता गाभ्यातल्या काचेला सोसत नाही.

पण खाडीकाठ, तुम्ही उणी बाजू लिहिली नाहीत. तुमची तरंगलांबी एकच. टायटेनियम-सफायर साधारण ७०० ते १०४० नॅनोमीटर कुठेही नेता येतो. पेशीतलं एनएडीएच (ऊर्जेच्या व्यवहारातला, स्वतः चमकणारा रेणू) पाहायला ७४० च्या आसपास लागतं, ते तुम्ही १०३० वर कसं पाहणार? आणि रामनसाठी फायबर लेझरचा नॉइज, म्हणजे तीव्रतेतली थरथर, मोठा अडसर आहे.

खाडीकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

सर, दोन्ही मुद्दे खरे, आणि धाग्याच्या वरच यायला हवे होते.

एनएडीएच मला दिसत नाही. एर्बियमच्या १५६० ची अर्धी करून ७८० मिळवतात, तिथे ते दिसतं. दुसरी वाट इलिनॉयमध्ये स्टीफन बोपार्ट यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवली. १११० नॅनोमीटरच्या एकाच प्रकाशाने तीन फोटॉनवाटे एनएडीएच, दोन फोटॉनवाटे एफएडी हा तसाच दुसरा रेणू, वर दुसरं आणि तिसरं हार्मोनिक (म्हणजे अर्ध्या आणि एक तृतीयांश तरंगलांबीचा प्रकाश), सगळं एकदम. म्हणजे तरंगलांबी हलवण्याऐवजी नीट निवडायची. पण माझ्या पेटीत ते नाही.

रामनचा नॉइज तर या क्षेत्राचं मोठं दुखणं. उत्तेजित रामनमध्ये दोन रंगांच्या पल्स एकाच क्षणी पोचाव्या लागतात, उदाहरणार्थ ७९७ आणि १०३१. त्यांच्यातला फरक चरबीतल्या कार्बन-हायड्रोजन (सीएच) बंधाच्या कंपनाशी, सेंटीमीटरमागे २८५० च्या आसपासच्या तरंगसंख्येशी, जुळतो. पण जुळल्यावर तीव्रतेत पडणारा फरक दहा हजारात एक किंवा त्याहूनही बारीक, आणि फायबर लेझरची स्वतःची थरथर त्याला गिळून टाकते. त्यावर तोड अशी की लेझरचा एक हिस्सा नमुन्याला न दाखवता थेट दुसऱ्या डिटेक्टरवर घ्यायचा आणि वजा करायचा. २०१४ मध्ये फ्रॉयडिगर आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं आणि तिथून फायबर लेझर ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचला.

हापूसबाग | मंगळवार, रात्री ८:२०

माका एकच सांगा, आंबो न कापता आतलो साको दिसतलो काय?

दिसणार असेल तर देवगडपासून रत्नागिरीपर्यंत सगळे बागायतदार तुमच्या दारात उभे राहतील. पेटी उघडल्यावर वरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर. गिऱ्हाईक आमच्यावर अविश्वास दाखवतं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं?

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

काका, खरं सांगतो, नाही दिसणार. हा प्रकाश गरात मिलिमीटरभरही धड जात नाही आणि साका असतो बाठ्याजवळ. अखंड फळासाठी एक्स-रेची वाट आहे आणि त्याचे प्रयोग आपल्याकडे पूर्वीच झालेत. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

पण कापलेल्या फळात काय चाललंय ते मात्र या यंत्राने छान दिसेल. साक्याच्या गरातल्या स्टार्चची साखर झालेली नसते, म्हणून तो पिठूळ लागतो. आणि स्टार्चचा दाणा दुसऱ्या हार्मोनिकमध्ये फार ठळक चमकतो, कारण त्यातले रेणू मध्यापासून कडेकडे रांगेत रचलेले असतात. मे महिन्यात मी आधी बटाट्याची चकती ठेवून पाहिली. प्रत्येक दाणा दोन पाकळ्यांसारखा उजळला, मधून काळी रेघ. मग बारा आणे तयार हापूसची फोड ठेवली. दाणे बारीक, पण तेच रूप. पिकलेल्या फोडीत जवळजवळ काळोख. साक्याचं फळ उशिरा मिळालं, दोनच चित्रं काढता आली, त्यावर काही बोलणं बरोबर नाही.

हापूसबाग | मंगळवार, रात्री ९:४५

स्पष्ट बोललात, बरं वाटलं. आम्ही चौदा आणे तयारीला फळ काढतो, झाडाखाली गवताचं आच्छादन घालतो, त्याने साका कमी होतो हा अनुभव आहे. आता कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूने, बाठ्यापासून किती अंतरावर साखर व्हायची थांबते, एवढं तरी कळलं तर आच्छादन कधी घालायचं ते ठरवता येईल. पुढच्या मार्चपासून दर चार दिवसांनी एका झाडाची दोन फळं देईन. कापा, जाळा, काय करायचं ते करा.

सुरंगी | मंगळवार, रात्री १०:००

काका, हा खरा प्रयोग झाला! दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनाही यात घ्यायला हवं, झाडाबद्दलचं ज्ञान त्यांच्याकडे आहे.

घाटावरचा | बुधवार, सकाळी ११:१५

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण प्रश्न पडतो. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या ठिकाणी अतिजलद लेझरची उत्तम जाण आहे. वंदे भारतने नमुना त्याच दिवशी पोचतो. मग भाट्याच्या खोलीत लहान यंत्र ठेवून दुय्यम प्रतीची चित्रं कशाला काढायची?

खाडीकाठ | बुधवार, दुपारी २:००

प्रश्न रास्त आहे. खवलं पाठवा, काही बिघडत नाही, ते आठवडाभर तसंच राहतं. कालवाचा कल्ला पाठवून दाखवा. शिंप उघडल्यावर पेशी बदलायला लागतात, त्यावरचे बारीक केस हळूहळू हलायचे थांबतात. गोठवला तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. फॉर्मेलिनमध्ये घातला तर जे पाहायचं तेच गेलं. मुंबईच्या उत्तम यंत्राखाली तुम्ही अतिशय स्पष्टपणे मेलेली गोष्ट पाहता.

आणि खाडी एक दिवसात पाहून होत नाही. भरतीला पाण्याचा खारटपणा वेगळा, ओहोटीला वेगळा, पहिल्या पावसाच्या पुरानंतर आणखी वेगळा. एकाच जागची कालवं दोन महिने दर पंधरवड्याला पाहायची तर मोठ्या संस्थेत तेवढा वेळ कुणाला मिळतो? मी त्या रांगेच्या पलीकडच्या बाजूला अकरा वर्षं बसलोय. बाहेरच्याला महिन्यात एक दुपार मिळायची, आणि त्या दुपारी वीज गेली तर तीही नाही.

वाशिष्ठी | बुधवार, रात्री ११:३०

ड्युटी संपवून लिहिते आहे. मी चिपळूणला पॅथॉलॉजिस्ट आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचे मेणाचे ब्लॉक आणि रंगवलेल्या काचा चिखलात गेल्या. त्यातल्या काही रुग्णांचा तेवढाच पुरावा होता. तेव्हापासून नमुन्याचं चित्र ताबडतोब डिजिटल मिळावं असं फार वाटतं.

ऑपरेशन चालू असताना सर्जन विचारतात, गाठीची कड साफ आहे का? फ्रोझन सेक्शनला (तुकडा गोठवून लगेच काप काढून पाहायला) आमच्याकडे माणूस आणि यंत्र दोन्ही जुळलं तर वीस-तीस मिनिटं लागतात. बऱ्याचदा जुळत नाही आणि रुग्णाला कोल्हापूर किंवा मुंबईला पाठवावं लागतं. या लेझरचं त्यात काही होऊ शकेल का?

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ६:५०

ताई, होऊ शकेल आणि बाहेर झालंही आहे. मेंदूच्या गाठींवर उत्तेजित रामन वापरून न रंगवलेल्या ताज्या तुकड्याचं चित्र काढतात आणि कॉम्प्युटर त्याला नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडसारखे रंग देतो. २०२० मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात २७८ रुग्णांचा अभ्यास आला. चित्र काढून कॉम्प्युटरने निदान सुचवायला अडीच मिनिटांहून कमी वेळ लागला. अचूकता ९४.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने पॅथॉलॉजिस्टची ९३.९ टक्के. त्यामागेही फायबर लेझरच होता. पण तो आकडा मेंदूच्या गाठींचा आहे, स्तनाच्या किंवा तोंडाच्या गाठीला तसाच लावता येणार नाही. आणि माझं यंत्र रुग्णासाठी नाही. त्याला परवानग्या, चाचण्या लागतात आणि त्या लागायलाच हव्यात.

तुमच्या परिसरात तोंडाचा कर्करोग, गुटख्याने तोंड न उघडणं हे किती पाहता तुम्ही? त्यात तोंडाच्या आतल्या श्लेष्मल त्वचेखाली कोलॅजन दाट होतं आणि कोलॅजन हे या यंत्राला सगळ्यात सोपं. नैतिक समितीची मान्यता घेऊन, निदान झालेल्या उरलेल्या तुकड्यांवर सुरुवात करता येईल.

वाशिष्ठी | गुरुवार, दुपारी ३:१०

रोज पाहते. विशी-पंचविशीतली मुलं, दोन बोटंही तोंडात जात नाहीत. मी समितीसाठी अर्ज लिहायला घेते, तांत्रिक पान तुम्ही द्या.

प्रकाशवाट | गुरुवार, रात्री ८:००

मुलं खोलीत येणार असतील तर एक गोष्ट विसरू नका. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचा पडदा जळतो तो कायमचा. त्या तरंगलांबीचा चष्मा दारातच टांगा. हातातली अंगठी, घड्याळ काढायला लावा, परावर्तन तिथून होतं.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ८:२५

चार चष्मे दाराला टांगलेत सर, आणि पेटीला झाकण उघडलं की लेझर बंद होणारी कळ लावली आहे. नमुन्याचंही तसंच. बांगड्याच्या पाठीची कातडी ठेवली होती, काळ्या रंगद्रव्याचा ठिपका फोकसमध्ये आला आणि ३० मिलिवॅटवर क्षणात बुडबुडा उठून आजूबाजूचं सगळं फाटलं. पांढऱ्या पोटाच्या बाजूला तीच ताकद काहीच करत नाही. काळं दिसलं की पाच मिलिवॅटपासून सुरू करायचं, हे भिंतीवर लिहिलंय.

सुरंगी | शुक्रवार, दुपारी १२:४०

दादा, रविवारी पहाटेच्या ओहोटीला मी आणि माझा मामा खडकावर जाणार आहोत. कालवं सातपर्यंत हातात येतील, भाट्याला आठला पोचते. शिंप तिथेच उघडू का इथून उघडून आणू?

खाडीकाठ | शुक्रवार, दुपारी १:०५

बंदच आण, खडकाच्या तुकड्यासकट निघाली तर उत्तम. त्याच जागचं खाडीचं पाणी दोन लिटर, आणि बाटली आधी त्याच पाण्याने विसळून घे. नळाचं पाणी लागता कामा नये. मी साडेसातला लेझर चालू करून ठेवतो.